जोर आला की बोर्ड मागून सुटतो: रेस काइटबोर्डची नेहमीची तक्रार

काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या, काइटच्या, ओढीवर पाण्यावरून बोर्ड पळवणं. त्यातल्या रेस बोर्डची तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. "वारा चांगला होता, काइट मस्त ओढत होता, वाऱ्यावर चढायला घेतलं आणि मागचा पाय एकदम सटकला. बोर्ड आडवा." वाऱ्यावर चढणं म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरकं जाणं. फॉइलवाल्यांचं, म्हणजे बोर्डखाली दांडा आणि पाण्यात पंख लावून चालणाऱ्यांचं, रडगाणं जरा वेगळं असतं: "झकास चाललं होतं, काही कळायच्या आत तोंडावर." पण पुढे दोघंही सारखंच वागतात. आधी काइट बदलतात, मग हातातल्या बारच्या दोऱ्या मोजत बसतात, मग कुणीतरी सांगतं म्हणून कमरेला बांधायचा नवीन हार्नेस घेतात. पुढच्या खेपेला बोर्ड परत तसाच सुटतो.

माझं काम फायबरचं, नाशिकच्या अंबडला. पाण्यावर सुटलेले बोर्ड दुरुस्तीला माझ्या टेबलावर येतात आणि मीही चालवतो, त्यामुळे दोन्हीकडची बाजू दिसते. दोष काइटमध्ये क्वचितच सापडतो. तो बोर्डच्या खाली असतो, किंवा बोर्डच्या आत, किंवा बोर्ड ज्यासाठी बनला त्या पाण्यावाऱ्यात आणि आपल्या पाण्यावाऱ्यात जो फरक आहे, त्यात असतो. म्हणून शोध खालून सुरू करायचा.

होतं काय

शेतात मोटर असलेल्याला हे लगेच कळेल. सक्शन पाइपाच्या जोडाला केसाएवढी फट राहिली तरी पंप हवा धरतो. मोटर गरगर फिरते, पाणी येत नाही. फिनचं, म्हणजे बोर्डच्या तळाला उभ्या लावलेल्या पात्याचं, अगदी हेच होतं. पाण्यातून किंचित तिरकी जाणारी फिन एका बाजूला दाब वाढवते, दुसऱ्या बाजूला कमी करते, आणि या फरकाच्या जोरावर बोर्ड काइटच्या ओढीला न जुमानता वाऱ्यावर चढतो. चढताना कमी दाबाची बाजू म्हणजे वाऱ्याकडची. त्या बाजूला वरून हवेला वाट मिळाली की हवा फिनच्या अंगाने सर्रकन खाली उतरते. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड, त्यामुळे हवेने वेढलेल्या फिनला पकड म्हणून काही उरत नाही. सगळा प्रकार निमिषात होतो. म्हणूनच "सावरायला वेळच मिळाला नाही" हे सगळे सांगतात, आणि ते खरंच असतं.

इथे कुणीतरी हमखास 'कॅव्हिटेशन' म्हणतो. त्यात दाब इतका उतरतो की पाण्याचीच वाफ होते. आपण ज्या वेगाने फिरतो तिथे बहुतेक वेळा दोषी असते ती वरून ओढली गेलेली हवा. फरक महत्त्वाचा आहे, कारण हवेची वाट शोधून बुजवता येते.

दुसरी गोष्ट वेगाची. फिन किंवा विंग (फॉइलचा पाण्याखालचा पंख) किती जोर देऊ शकते हे वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग निम्मा झाला की तोच कोन ठेवून जोर चौथाई मिळतो. मग तेवढाच जोर काढायला फिन जास्त तिरकी करावी लागते, आणि जितकी तिरकी तितकी हवा धरण्याची भीती जास्त. म्हणजे हळू चालणाऱ्या बोर्डवर मागच्या पायाने रेटा देणं हा फिन सोडवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. आधी वेग, मग चढण. वेग येईपर्यंत नाक थोडं वाऱ्यापासून पाडून ठेवा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, आणि यात पैसाही जात नाही.

हे बोर्ड असे का

आपल्याकडे आलेले रेस बोर्ड बहुतेक जुने, दुसऱ्या-तिसऱ्या हातचे. ते स्वस्त का मिळतात हे माहीत असलेलं बरं. २०१२ च्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय सेलिंग संघटनेने रिओ ऑलिंपिकसाठी विंडसर्फिंगच्या जागी काइट घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवला. त्या काळातले रेस बोर्ड फिनवाले होते: सत्तर सेंटीमीटरच्या आसपास रुंद, एकाच दिशेने जाणारे, खाली हातभर लांबीच्या तीन किंवा चार फिन. मग हायड्रोफॉइल आलं आणि काही वर्षांत हा सगळा ताफा अडगळीत गेला. पॅरिस २०२४ ला मार्सेयच्या समुद्रात काइट अखेर ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा सगळे फॉइलवर होते. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोन्टस आणि महिलांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज पहिले आले. तेव्हा अडगळीतला फिनवाला बोर्ड आणि कुणीतरी विकलेला स्पर्धेचा फॉइल सेट, या दोनच गोष्टी आपल्या हाती लागतात. दोन्ही बनवले आहेत समुद्रासाठी, अखंड वाऱ्यासाठी आणि तरबेज माणसासाठी.

फिनवाल्या रेस बोर्डची मागची बाजू रुंद असते, कारण रुंदीमुळे पायाला तरफ मिळते आणि मोठ्या फिनवर भार टाकता येतो. तळ जवळजवळ सपाट, म्हणजे कमी वाऱ्यात लवकर पाण्यावर येतो. फिन जितक्या उभ्या तितका चढाईला जोर जास्त. मागे कललेल्या फिन जोर थोडा कमी देतात पण सुटताना दगा देत नाहीत. हे सगळं मिळून बोर्ड वाऱ्यावर चढायला अप्रतिम. फक्त त्याची एक अट आहे: बोर्ड सपाट ठेवा.

आणि आपण नेमकं तेच करत नाही. आपण बहुतेक जण गोव्यात मोरजीला किंवा रामेश्वरमला ट्विन-टिपवर, म्हणजे दोन्ही दिशांना चालणाऱ्या बोर्डवर, शिकलो. ट्विन-टिपच्या फिन चार-पाच सेंटीमीटरच्या. तिथे चढायचं म्हणजे टाच दाबून बोर्डची कड पाण्यात रुतवायची. तीच टाच रेस बोर्डवर दाबली की वाऱ्याकडची कड खाली जाते, पलीकडची वर उठते, त्या बाजूची फिन अर्धी पाण्याबाहेर येते आणि हवेला राजमार्ग मिळतो. शिवाय फिन तिरपी झाल्याने तिचा जोर बोर्डला उचलायचं सोडून खाली ओढायला लागतो. वेग पडतो. वेग पडला की फिन अजून तिरकी. मग सुटते.

उपाय: दोन्ही टाचांचा दाब सोडा, बोर्ड सपाट, किंबहुना वाऱ्याकडची कड नखभर वरच राहू द्या. कमरेने काइटच्या विरुद्ध बसा, पायाने रेटू नका. सुटलीच तर मागच्या पायावरचा भार काढा, पाय अंगाखाली ओढा, नाक वाऱ्यापासून थोडं पाडा. पाणी परत फिनला चिकटतं. आडव्या बोर्डवर अजून जोर लावणारे बरेच पाहिले. फिन हवेत असेपर्यंत तो जोर वायाच जातो.

फिन हातात घेऊन बघा

चालवण्यात दोष नाही अशी खात्री झाली की बोर्ड उलटा करा. आधी फिनची पुढची कड, बोटाच्या पेराने, डोळ्याने नव्हे. खडकाला लागून उडालेला टवका किंवा पडलेली खाच डोळ्याला चुकते, बोटाला नाही. पुढच्या कडेवरची एक खाच पाण्याचा थर तिथूनच फाडते आणि हवेला पाय ठेवायला जागा देते. इपॉक्सीत बारीक फिलर कालवून खाच भरा, सुकल्यावर ४०० आणि मग ६०० चा पाणपेपर ओला करून घासा. कडेचा मूळ गोलवा राखा. धार काढू नका. धारदार पुढची कड जास्त कोनात लवकर सोडते.

चालताना फिन गुणगुणत असेल तर बहुधा दोष मागच्या कडेचा. तिथे पाण्याचे भोवरे सुटतात आणि फिन थरथरते. मागच्या कडेला एका बाजूने बारीक तिरका उतार घासून दिला की आवाज जातो. निव्वळ आवाज म्हणजे हवा धरली असं मात्र नाही.

मग बाजूच्या फिन. यातल्या बऱ्याच एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर असतात. सपाट अंग बोर्डच्या मध्याकडे, फुगीर अंग बाहेर. वाऱ्यावर चढताना वाऱ्याकडच्या फिनचं फुगीर अंग वाऱ्याकडेच येतं आणि ती तिच्या सोयीच्या दिशेने काम करते. डावी-उजवी अदलाबदल झाली की ती उलटी लढते. जुना बोर्ड विकत घेतलाय, आधीच्या मालकाने फिन काढून पिशवीत टाकल्या होत्या, तुम्ही अंदाजाने बसवल्या, असं असेल तर पहिला संशय इथे. दोन्ही बाजूंना चढताना सुटतो, ही याची खूण. एकाच बाजूला चढताना सुटतो आणि दुसरीकडे ठीक चालतो, तर एखादी फिन वाकडी बसलेली किंवा जोडीत न जुळणारी असेल.

शेवटी मूळ. फिन बोटात धरून हलवा. खोबणीत कटकट वाजली किंवा फिनच्या मुळाशी आणि तळाच्या मध्ये नख जाईल एवढी फट दिसली, तर जास्त दाबाच्या बाजूचं पाणी तिथून दुसऱ्या बाजूला झिरपतं. फिनच्या बुडाला पातळ टेपचा एक वेढा देऊन घट्ट बसवा, स्क्रू आवळा. टेप काम करतो हे पाहून मग खोबणीची कायमची दुरुस्ती करायची की नाही ते ठरवा. मागच्या पायाचा स्ट्रॅप अगदी शेवटच्या भोकात असेल तर एक भोक पुढे घ्या. सगळा आडवा भार फिनवर न पडता थोडा कडेवर जाईल.

आपला वारा, आपलं पाणी

समुद्रावर नीट चालणारा बोर्ड इकडे का सुटतो, याचं उत्तर बरंचसं डोंगरात आहे. पश्चिमेचा वारा त्र्यंबकच्या रांगेवरून, ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या कड्यांवरून घसरत येतो, तुटत येतो. कोकणच्या किनाऱ्यावर वारा एकसंध असतो. घाटमाथ्याच्या अलीकडे तो झोत आणि पोकळी, झोत आणि पोकळी असा येतो. आता मघाचं वेगाचं गणित लावा. पोकळीत वेग सोळा नॉटवरून आठवर आला की फिनची ताकद चौथाई. तेवढ्यात झोत येतो, काइट खस्सकन ओढतो, आणि बोर्डला वेग घ्यायला वेळच मिळत नाही. पूर्ण ओढ आणि चौथाई फिन. आपल्याकडचे बहुतेक बोर्ड या क्षणी सुटतात. झोताला पायाने उत्तर देऊ नका, बार सोडा. आमच्यातला एक जण येवल्याचा आहे. संक्रांतीला पतंगाची आसारी धरून वाढलेला. झोत आला की ढील, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही, आणि त्याच्या फिन सगळ्यांत कमी सुटतात.

उंचीचाही हिशेब आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. मे महिन्यातल्या अडतीस अंशाच्या दुपारी इथली हवा किनाऱ्यावरच्या तीस अंशाच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ भरते. म्हणजे वारा मोजणाऱ्या यंत्रावर तोच आकडा दिसला तरी ९ चौरस मीटरचा काइट इकडे ८.२ एवढीच ओढ देतो. पाणीही गोडं, समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलकं, म्हणजे फॉइलला उचलायला थोडा जास्त वेग हवा. एकेकटा आकडा किरकोळ वाटतो, पण दोन्ही एकाच दिशेने ढकलतात: कमी ओढ, कमी वेग, आणि तरी आपण गोव्यातल्याच कोनात चढायला बघतो. इकडे थोडं कमी चढा. दोन वळसे जास्त पडले तरी चालतील, बोर्ड चालत राहील.

पाणी कमी असण्याचं दुखणं वेगळंच. वारा जोर धरतो तो मे-जूनमध्ये, आणि तेव्हाच आपल्या धरणांत तळ दिसायला लागतो. फॉइलची मास्ट, म्हणजे बोर्डखालचा उभा दांडा, मीटरभर, त्याखाली विंग. दीड मीटरपेक्षा कमी पाण्यात फॉइल म्हणजे दगडाला नारळ. बुडालेल्या झाडांचे खुंट, जुने बांध, सगळं तिथे असतं. परवानगीचं जलसंपदा विभागाकडे विचारूनच काय ते करा; शहराला प्यायचं पाणी जिथून जातं तिथे उतरायचा विचारही नको. आणि नांदूरमध्यमेश्वरला पाणी उथळ, पसरलेलं, मोकळं दिसतं म्हणून कुणी डोळा ठेवून असेल तर विसरा. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर ठिकाण (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेलं ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे.

पाणवेलींचं लोकांच्या लक्षात येत नाही. गोड्या पाण्यात शेवाळाची एक दोरी किंवा वेलीची मुळी फिनला, मास्टला अडकली की तिच्या मागे पाणी फाटतं आणि हवा खाली येते. बोर्ड अचानक जड वाटला, थरथरला आणि मग सुटला, तर हत्यार शोधण्याआधी थांबून खाली हात घाला. फॉइलवर असाल तर बोर्ड पाण्यावर टेकवा, क्षणभर मागे सरकू द्या. पुष्कळदा कचरा आपोआप निघतो.

फॉइलवाल्यांसाठी

फॉइलची तक्रार ऐकताना मी एकच विचारतो: पडलात कसे? हळूहळू बसत गेलात, एकदम नाकावर गेलात, आडवे घसरलात, की वर वर जात राहिलात? चारही वेगवेगळी दुखणी आहेत.

हळूहळू बसला तर वेग कमी पडला, विंगने पाणी सोडलं. स्पर्धेची पुढची विंग लहान आणि सडपातळ असते, क्षेत्रफळ साधारण ६०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास. तिला घर्षण कमी, पण उचलायला वेग जास्त लागतो, आणि सोडते तेव्हा पूर्वसूचना न देता सोडते. आपल्या तुटक वाऱ्यात हजाराच्या पुढची विंग लावली तर शर्यतीचा वेग जाईल, पण पोकळीतून पार व्हाल. माझं मत विचाराल तर नाशिकात स्पर्धेची विंग ही हौस आहे. जी विंग पोकळीत तरंगवते ती विंग खरी.

एकदम नाकावर गेलात तर बहुधा विंगचं टोक पाण्याबाहेर आलं होतं. इथे भूमिती करून बघा. वेगाने चढताना फॉइल वाऱ्याकडे झुकवतात, कारण झुकलेली विंग आडवा जोरही देते आणि चढाई वाढते. विंगची टोकापासून टोकापर्यंत लांबी ७० सेंटीमीटर धरा. तीस अंश झुकवलीत की वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूचं टोक मध्यापेक्षा साडेसतरा सेंटीमीटर वर येतं. मध्य पृष्ठभागापासून वीतभरच खाली असेल तर टोक जवळजवळ बाहेर. हवा टोकातून शिरते, त्या बाजूची उचल जाते, आणि तुम्ही पाण्यात. स्पर्धेच्या मास्ट लांब असतात त्या याचसाठी: जास्त झुकूनही विंग खोल राहावी. आखूड मास्ट लावून ऑलिंपिकवाल्यांचा झुकाव करायला गेलात तर हे होणारच. लाटेच्या पाण्यात निम्मी मास्ट पाण्यात ठेवून चाला.

आडवे घसरलात तर हवा मास्टने धरली. मास्टची पुढची कड फिनसारखीच तपासा. फॉइल अगदी उभी ठेवून जोरात चढणाऱ्यांना हे जास्त होतं, कारण सगळा आडवा भार मास्टवरच येतो. थोडी झुकवली की विंग तो वाटून घेते.

वर वर जात राहिलात, पुढच्या पायाने दाबून दाबून मांडी भरून आली आणि शेवटी विंग बाहेर आली, तर दोष जुळणीत. मागची छोटी विंग शेपूट खाली दाबते, त्यामुळे नाक वर येतं, आणि वेगाबरोबर हा दाब वर्गाने वाढतो. मागच्या विंगखाली अर्ध्या अंशाची पातळ पट्टी घालून तिचा कोन कमी करा. एका वेळी अर्धाच अंश. एकदम दोन अंश बदलणाऱ्याला पुढे काय बदललं तेच समजत नाही. बोर्डला सरकती पट्टी असेल तर मास्ट थोडी मागे घ्या, तोच परिणाम. जुन्या रेस बोर्डना बहुधा टटल बॉक्स, म्हणजे मास्ट बसवायची पक्की खोबण, असतो, त्यात मास्ट सरकत नाही. तिथे स्ट्रॅप पुढे घेणं एवढंच हाती.

आणि बोल्ट. मास्टच्या बुडाशी मिलिमीटरभर हलत असेल तर मीटरभर खाली विंगपाशी ती हालचाल कितीतरी मोठी होते, आणि विंगचा कोन चालता चालता बदलत राहतो. बोर्ड उलटा ठेवून विंग धरा, हलवा, दुसरा हात जोडावर ठेवा. जोडात टिकटिक लागली तर ॲलन की घ्या. किनाऱ्यावरून आल्यावर फॉइल खाऱ्या पाण्यासकट पिशवीत ठेवणाऱ्यांचे स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या नळीत असे धरतात की शेवटी ड्रिलने काढावे लागतात. सगळं सुटं करा, गोड्या पाण्याने धुवा, आटे ग्रीसने भरा, मग जोडा.

दोष बोर्डच्या आत असतो तेव्हा

फिन ठीक, विंग ठीक, चालवणारा ठीक, तरी सुटतो. मग रुपयाचं नाणं घ्या आणि मागच्या पायाखालचा भाग, फिनच्या खोबणीभोवती, मास्टच्या बैठकीभोवती टकटक वाजवत जा. चांगल्या जागी आवाज टणक आणि वरचा येतो. जिथे बद्द येतो तिथे वरचं कवच आतल्या थर्माकोलपासून सुटलंय. रेस बोर्ड ताठ बनवतात ते पायाचा हुकूम फिनपर्यंत थेट पोचावा म्हणून. कवच सुटलं की पाय दाबतो, कवच दबतं, फिन उशिरा ऐकते, आणि ऐकते तेव्हा कोन चुकलेला असतो.

हे कवच का सुटतं? आपल्याकडे बरंचसं प्रवासात. बहुतेक रेस बोर्डना हवेचा एक छोटा स्क्रू असतो. तो घट्ट ठेवून तुम्ही किनाऱ्यावरून निघता, कसारा घाट चढता. ६०० मीटरवर बाहेरचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी, म्हणजे आतली कोंडलेली हवा कवचाच्या प्रत्येक चौरस फुटाला पासष्ट किलोच्या आसपास जोराने बाहेर ढकलते. त्यावर गाडी उन्हात बंद करून तुम्ही मिसळ खायला उतरता. आत साठ अंश झाले की उष्णतेने वाढलेला दाब घाटाच्या दाबाहूनही जास्त. कवच फुगतं, चिकटवणीपासून सुटतं. प्रवासात स्क्रू ढिला ठेवा, पाण्यात उतरण्याआधी आठवणीने आवळा. काही नव्या बोर्डना आपोआप श्वास घेणारी झडप असते, तरी उन्हात ठेवू नकाच. तापलेला बोर्ड थेट गार पाण्यातही घालू नका. आतली हवा आकसते आणि कुठेही बारीक तडा असेल तर पाणी आत शोषलं जातं. दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवा.

आत पाणी गेलंय का हे कळायला सामानाचा हातकाटा पुरतो. बोर्डचं कोरडं वजन एकदा लिहून ठेवा; वाढत चाललं तर तडा शोधा. पाणी काढायला शेपटीकडे भोक पाडून सावलीत उभा ठेवा, आठवडे जाऊ द्या. गच्चीवर उन्हात वाळवायचा शहाणपणा करू नका.

दुरुस्तीबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो, कारण त्यात चांगले बोर्ड गेलेले पाहिले. अंबड-सातपूरला फायबरची कामं करणाऱ्या शेड भरपूर. टाक्या, कूलरच्या बॉडी, गाड्यांचे भाग. तिथे चालतं ते पॉलिस्टर रेझिन. त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. वरचा ठिगळ सुंदर दिसतो, आत पोकळी पडते, आणि महिन्याभरात पाय आत जातो. थर्माकोल गाभ्याच्या बोर्डला इपॉक्सीच लावायचं. कारागीर "चालतं हो, सगळ्याला तेच लावतो" म्हणाला तर पॅकिंगच्या थर्माकोलच्या तुकड्यावर त्याच्या डब्यातला एक थेंब टाकायला सांगा. दोघंही बघत राहाल.

हे सगळं करूनही सुटत असेल तर मोठी फिन किंवा मोठी विंग एक दिवस उसनी आणून लावून बघा. एका वेळी एकच बदल, तोच काइट, तेच पाणी. सुटणं थांबलं तर तुमची आहे ती फिन किंवा विंग तुम्हाला लहान पडतेय, ती विकून मोकळे व्हा. थांबलं नाही तर माझ्याकडे आणा. फक्त फिन काढून, मास्ट सुटी करून, बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून आणू नका. जसा पाण्यावर सुटला तसा, जोडलेलाच आणा.